सगळे म्हणजे कोण कोण?

मेस्त्री सरांसमोर 'सगळे' हा शब्द जपून वापरावा लागे. स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हणालं की, "सगळ्यांना वाटतंय सहल माथेरानला न्यावी," की सर हातातली वही मिटत, चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, "सगळे म्हणजे कोण कोण?" मग बोलणाऱ्याने नावं सांगायची. सांगता सांगता असं निघायचं की सगळे म्हणजे बोलणारा स्वतः, त्याच्या शेजारच्या खुर्चीतले पाटील सर आणि चहा घेऊन आलेल्या मावशी. त्यातही मावशींना माथेरान नकोच असायचं, त्यांना चढाची भीती वाटे.

परळच्या आमच्या शाळेत मी एकवीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं माझी खुर्ची सरांच्या समोर होती. ते इंग्रजी शिकवायचे. शाळा मराठी माध्यमाची, गिरणी कामगारांच्या मुलांसाठी काढलेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, आणि त्या टॉवरमध्ये साफसफाईला नि सिक्युरिटीला जाणाऱ्यांची मुलं आमच्याकडे येत राहिली. सर दिसायला साधे. उंची बेताची, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि कागदात गुंडाळलेला खडू. शाळेचे खडू चरचरतात म्हणून ते स्वतःचा खडू बाळगायचे. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरच्या मुलांना ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून इलाज नसे. त्यांनी कोणाला मारलेलं मी पाहिलं नाही. पण चुकीचं वाक्य कानावर पडलं की दाढ दुखल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा, आणि पोरांना ते छडीपेक्षा जास्त लागायचं.

इंग्रजीत एक धडा आहे, बहुतेक शिक्षक तो पाच मिनिटांत उरकतात. टीम, कमिटी, फॅमिली, क्लास, स्टाफ असे शब्द दिसायला एक, पण पोटात माणसं पुष्कळ. त्यांच्यापुढे एकवचनी 'इज' लावायचं की अनेकवचनी 'आर'? गाइडमध्ये उत्तर ठरलेलं असतं, 'इज' लावा आणि पुढे चला. सर या एवढ्याशा गोष्टीला चार दिवस घ्यायचे. पहिल्या दिवशी ते वर्गाला उभं करत आणि फळ्यावर लिहीत, 'द क्लास इज स्टँडिंग.' मग म्हणत, "आता ज्याला जे वाटेल ते करा." दहा-बारा जण बसायचे, काही उभेच राहायचे, दोघं-तिघं खिडकीशी जायचे, एखादा डबा उघडायचा. "आता काय लिहू? हा वर्ग अजून एक आहे का?" सर सांगत, गट एका जिवाने काही करत असेल तर 'इज'. आतली माणसं आपापलं काही करत असतील, त्यांच्यात दोन मतं असतील, तर 'आर'. म्हणून क्रियापद लिहायच्या आधी डोकं वर करून माणसांकडे बघायचं.

मी त्यांना चिडवायचे. "सर, आमच्यात याला संच म्हणतात. महिरपी कंसात घातलं की विषय संपला."

"बाई, तुमच्या कंसातले आकडे आपसात भांडत नाहीत," ते म्हणायचे.

हे वेड त्यांना कुठल्या पुस्तकाने लावलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी चाळीत एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता आणि त्याच्याभोवती क्रिकेट ऐकायला मजलाभर माणसं जमायची. कॉमेंट्री इंग्रजी, ऐकणाऱ्यांना धावा आणि विकेटी एवढंच कळे. रेडिओवाला म्हणायचा, 'इंडिया आर टू हंड्रेड फॉर फोर.' देश एक, मग 'आर' कसं? सातवीतल्या वसंत मेस्त्रीने शाळेत मास्तरांना विचारलं, तर मास्तरांनी त्याचा कान पिरगळला आणि रेडिओवाला चुकला असं सांगितलं. मोठेपणी सरांना समजलं की विलायतेत संघाला असं अनेकवचन चालतं, अमेरिकेतले लोक मात्र सहसा 'इज' लावून मोकळे होतात. सरांचा ओढा अर्थात विलायतेकडे. "आपण मराठीत एकट्या माणसाला मानाने अनेकवचन देतो. बाबा आले, सर गेले. मग अकरा जणांना अनेकवचन द्यायला कंजुषी कशाला?" असं ते म्हणायचे. पोलीस हा शब्द इंग्रजीत कायम अनेकवचनी, हे सांगताना पुढे जोडायचे, "एकटा हवालदार दारात उभा राहिला तरी अख्खी चौकी आल्यासारखी वाटते, असं लक्षात ठेवा." हे मात्र एकही मूल पेपरात चुकत नसे.

एकदा आमच्या भागातल्या सात-आठ शाळांनी मिळून दहावीची पूर्वपरीक्षा घेतली. एका शाळेचे पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला जायचे. आमचे दादरला गेले होते. परत आले तेव्हा सर प्रत्येक पेपर उघडून बघत बसले. सायली नावाची एक मुलगी होती, लालबागची. रिकामी जागा भरा, 'माय फॅमिली डॅश मूव्हिंग टू अ न्यू हाउस.' तिने 'आर' भरलं होतं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सर, आजी नाही म्हणते.' तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारून शून्य दिलं होतं. सायलीच्या घरचं सरांना ठाऊक होतं. वडिलांना खोली विकून विरारला जायचं होतं, आजी जागा सोडायला तयार नव्हती, आई मधल्यामध्ये गप्प. सर तो पेपर घेऊन भर उन्हात चालत दादरला गेले. त्या बाईंनी उत्तरसूची पुढे केली. सरांनी दीड तास वाद घातला आणि अर्धा मार्क घेऊन परत आले.

"अर्ध्या मार्कासाठी दादरपर्यंत तंगडतोड?" मी विचारलं.

"तिच्या आजीचं म्हणणं कोणीतरी हिशेबात धरलं, एवढं तरी पोरीला कळू दे," ते म्हणाले आणि डबा खायला बसले. डब्यातली चपाती एव्हाना कडक झाली होती.

सर आमचे स्टाफ सेक्रेटरी होते, कारण दुसऱ्या कोणाला ते काम नको होतं. संस्थेशी पत्रव्यवहार इंग्रजीत. सरांची रीत अशी की आधी कच्चं पत्र वहीत लिहायचं, मग ती वही घेऊन एकेकाकडे जायचं, पत्र मराठीत समजावून सांगायचं आणि विचारायचं, "तुमचं यात काही वेगळं आहे का?" ज्याचं वेगळं असेल त्याचं पत्राखाली वेगळं लिहायचं. स्टाफरूमला पंखा हवा, एवढ्या पत्राला आठ दिवस लागले, कारण चित्रकलेच्या शेट्ये बाईंना वाऱ्याने कागद उडण्याची काळजी होती आणि ती सरांनी इमानेइतबारे तिसऱ्या परिच्छेदात मांडली. आम्ही वैतागायचो. पण याचा एक फायदाही होता. संस्थेला आमच्या वेगवेगळ्या सह्या कधी लागल्या नाहीत. खाली मेस्त्रींची एक सही असली की झालं, या माणसाने सगळ्यांना विचारलेलं असणार हे वरच्यांनाही माहीत होतं. अशी पद्धत दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही. आम्हाला तिचा अभिमान होता आणि नकळत सवयही झाली होती.

पट घसरत गेला. साठचा वर्ग तीसवर आला, तीसचा चौदावर. शेवटच्या वर्षी दहावीत नऊ मुलं होती. नजर फिरवली की मोजून होतील एवढी. तरी सर हजेरीला एकेकाचं पूर्ण नाव घ्यायचे, वडिलांच्या नावासकट. मला शेजारच्या वर्गात ते ऐकू यायचं. नऊ नावांना ते पूर्वीच्या साठ नावांएवढा वेळ लावायचे, आणि ऐकवत नसे.

शाळा मेमध्ये बंद होणार हे ज्या दिवशी पक्कं कळलं, त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये बसलो होतो. सर सहसा घरचं बोलत नसत. त्या दिवशी वडिलांचं बोलले. वडील गिरणीत मागावर होते. मोठा संप झाला तेव्हा सर कॉलेजात होते. मैदानांवर सभा व्हायच्या, कामगारांनी ठरवलंय, कामगारांना मान्य आहे, अशी भाषणं व्हायची. वडील दारात बसून असायचे. संप ओसरला, गिरणी उघडलीच नाही, आणि वडील पुढे जितकी वर्षं जगले तितकी एकच गोष्ट बोलत राहिले. सरांनी ती त्यांच्याच बोलीत सांगितली, "माका कोणी इचारल्यानच नाय रे. मी संपात आसंय काय नाय, ता माकाच म्हायत नव्हता."

"संपाच्या विरोधात होते का?" मी विचारलं.

"छे. विचारलं असतं तर पहिला हात त्यांचाच वर गेला असता," सर म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांत संस्थेचे सचिव आले. बोलायला गोड माणूस. त्यांनी आम्हाला दोन वाटा सांगितल्या. संस्थेची बदलापूरला शाळा आहे, तिथे आम्हा अकराही जणांना सामावून घेता येईल, पण स्टाफने एकमताने संमतीपत्र द्यायला हवं. नाहीतर आमची नावं अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत जातील, मग ज्याला जिथे पाठवतील तिथे. पत्र शनिवारी दुपारी बारापर्यंत पाहिजे, संस्थेच्या मीटिंगपुढे ठेवायचं आहे. हे त्यांनी गुरुवारी सांगितलं.

सर वही घेऊन फिरू लागले. बदलापूर कोणालाच नको होतं, पण यादी त्याहून नको होती. एकेक जण कुरकुरत हो म्हणाला. मीही म्हणाले. शनिवारी सकाळी अकरापर्यंत सर धरून दहा जण झाले. शेट्ये बाई तेवढ्या राहिल्या. त्या आठवडाभर रजेवर होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या, दिवसाआड डायलिसिस चालायचं, आणि त्या आठवड्यात त्याला परळच्याच इस्पितळात दाखल केलं होतं. शाळेपासून चालत दहा मिनिटं. बाईंचा फोन लागत नव्हता. सरांनी छत्री उचलली, वही काखेत मारली.

तेव्हा मी बोलले. माझे शब्द मला लख्ख आठवतात. "सर, आत्ता तिकडे कुठे जाताय? ती नवऱ्याच्या उशाशी बसली असेल. अशा वेळी कागद घेऊन जाणं बरं दिसतं का? आणि ती काय आपल्याहून वेगळं सांगणार आहे?"

सर दारात थांबले. घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तसंही खरंच," म्हणाले. छत्री परत खुंटीला लावून ते बसले आणि पत्र पक्कं केलं. 'द स्टाफ इज युनानिमस,' स्टाफ एकमताचा आहे, असं त्यांनी लिहिलं, खाली सही केली, आणि बाराला पाच कमी असताना पत्र पोचतं झालं. मी त्यांना चहा मागवला. वीस वर्षांत पहिल्यांदा सरांनी कोणाला तरी विचारलं नव्हतं आणि ते माझ्या सांगण्यावरून, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. उलट बाईंचा त्रास वाचवला म्हणून मला बरंच वाटलं.

एप्रिलच्या अखेरीस शेट्ये बाई स्टाफरूममध्ये आल्या. हातात एक लिफाफा होता. त्या आधीच बारीक, त्यात चेहरा पार उतरलेला. नवऱ्याच्या आजारामुळे आपल्याला जवळपासच्या शाळेत घ्यावं म्हणून त्यांनी फेब्रुवारीतच संस्थेकडे अर्ज केला होता. दादरच्या एका शाळेत चित्रकलेची जागा रिकामी होती, जवळजवळ ठरलं होतं. हातात ऑर्डर पडेपर्यंत बोलू नये म्हणून त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या. आता अर्ज परत आला होता, आणि त्याला सरांच्या पत्राची प्रत टाचलेली होती. स्टाफने बदलापूरला जायची एकमताने संमती दिली असताना या अर्जाचा विचार होऊ शकत नाही, असा शेरा होता.

"सर, माझ्या नावाने हो म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

सर उठून उभे राहिले. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "मी यायला निघालो होतो." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि मीही ते सांगितलं नाही. मी वहीतल्या आकड्यांवर पेन फिरवत बसले होते.

"बदलापूरला जाऊन-येऊन मी त्यांना डायलिसिसला कधी नेऊ?" बाई म्हणाल्या.

सर त्याच दिवशी सचिवांकडे गेले. सचिव म्हणाले, "मेस्त्री सर, तुमच्या एका सहीवर आम्ही आजवर चाललो. आता तसं चालणार नाही. शेट्ये बाईंना विचारलंच नव्हतं असं नवं पत्र द्या, त्यावर बाकीच्या दहाही जणांच्या सह्या पाहिजेत. एक जरी कमी पडली तरी मला काही करता येणार नाही. शाळा उघडायच्या आत आणा." दादरची जागा तोपर्यंत रिकामी राहणार होती.

ऐकायला सोपं होतं. पण नवं पत्र म्हणजे जुनं पत्र खोटं होतं अशी कबुली, आणि जुनं पत्र रद्द झालं तर आपलं काय, ही भीती प्रत्येकाच्या पोटात. त्यातून सुट्टी लागली आणि माणसं पांगली. सरांनी तो सगळा मे महिना सह्या गोळा करण्यात घालवला. विज्ञानाचे डिमेलो सर खोताच्या वाडीत राहायचे. त्यांनी सरांना दोन तास बसवून ठेवलं, सरबत दिलं, देशाच्या राजकारणावर बोलले, आणि शेवटी म्हणाले, "घाबरायला होतंय हो सर. पण द्या पेन." पाटील सर रे रोडला. तिथे सर तीन वेळा गेले. पहिल्या दोन वेळा पाटलांच्या बायकोनेच दार अडवलं, "यांची नोकरी गेली तर तुम्ही आमचं घर चालवणार का?" तिसऱ्या वेळी पाटील स्वतः खाली उतरून आले आणि टपरीवर चहा पिता पिता सही करून गेले. हिंदीच्या बाई कुडाळजवळ माहेरी गेल्या होत्या. सर एका सहीसाठी कुडाळला जाऊन आले. प्रत्येकाला ते आधी सांगायचे की यात धोका आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही.

मला ते रोज संध्याकाळी फोन करायचे. "बाई, आज पाच झाल्या." "बाई, आज सात." मी म्हणायचे, "वा, होतंय की काम." एकदा म्हणाले, "तुमची शेवटी घेईन. तुमच्याकडे काय, घरचंच." मी हसले.

पुढचं आधीच सांगून टाकते. ते पत्र सचिवांकडे कधी गेलं नाही, कारण त्यावर नऊच सह्या झाल्या. दादरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. शेट्ये बाई दोन महिने बदलापूरला आल्या. डायलिसिसच्या दिवशी दांडी, मग नोटीस, मग ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. दिवाळीच्या आधी नवरा गेला. आता त्या सोसायट्यांतल्या मुलांना घरी जाऊन चित्रकला शिकवतात असं ऐकते. सर बदलापूरला आलेच नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना त्यांनी पोस्टाने राजीनामा पाठवला आणि बायकोला घेऊन गावी गेले. पुढच्या वर्षी शाळेच्या जुन्या ग्रुपवर त्यांच्या जाण्याचा निरोप आला. ग्रुपवर एकापाठोपाठ एक जोडलेले हात येत गेले. त्यांत माझेही होते.

दहावी सही कोणाची राहिली, हे सरांनी कोणालाही सांगितलं नाही. शेट्ये बाईंनाही नाही. जुन्या मंडळींचा संशय पाटलांवर आहे, कारण त्यांच्या बायकोचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. कोणी तसं बोललं की मी ऐकून घेते.

सर शेवटचे दिसले ते माझ्या घरी. जूनमधला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. आदल्या दुपारी सचिवांचा मला फोन आला होता. "बाई, ते दुसरं पत्र आलं तर पहिलं रद्द धरावं लागेल. मग अकराही नावं यादीत. बदलापूरला गणिताची जागा एकच आहे, आणि तिच्यावर दुसऱ्यांचाही डोळा आहे. बघा बुवा," एवढंच ते म्हणाले होते. माझ्या नवऱ्याचा प्रेस लॉकडाऊननंतर उघडला नव्हता. मुलगी ऋतुजा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. घरात मी एकटी कमावती. हे सगळं खरं आहे, आणि तरी मी हे स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलंय, त्याने काही होत नाही. सरांना तोंडावर नाही म्हणण्याचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही. जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला तशी मी ऋतुजाला म्हटलं, "सांग, आई गावी गेलीय," आणि मोरीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले.

ऋतुजाने सांगितलं. माझ्या चपला दाराशीच होत्या. सर म्हणाले, "बरं. मी थोडा टेकतो हं, तीन जिने चढून दम लागलाय." गॅलरीतल्या स्टुलावर ते बसले. ऋतुजाने पाणी दिलं. त्यांनी तिच्या कॉलेजची चौकशी केली, परीक्षा कधी, मैत्रिणी आहेत का. गॅसवर मांदेली तळायला टाकली होती, ती करपत चालली, ऋतुजाने धावत येऊन गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता परत गेली. अर्धा तास तरी सर बसले असतील. मी भिंतीला टेकून उभी होते.

मग ते उठले. नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात, घरात आतपर्यंत पोचेल एवढ्या, ते म्हणाले, "बाळ, आई आली की सांग, सर रागावलेले नाहीत."

त्यांची पावलं उतरून गेल्यावर मी गॅलरीत आले. वाळत घातलेल्या चादरीच्या आडून खाली बघितलं. सर चाळीच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी पिशवीतून कागद काढला, उघडून बघितला, पुन्हा घडी घातली, पण तो आत ठेवला नाही. हातात तसाच धरून ते उभे राहिले आणि एकदा वर, आमच्या मजल्याकडे बघितलं. मी मागे सरले.

ऋतुजा पाठीशी येऊन उभी होती. "आई, ते अजून थांबलेत," ती म्हणाली. "हाक मारू?"

मी नको म्हटलं.